एकलव्य : चौतीस टक्के



हा अंक दोन महिने उशिरा तुमच्या हातात पडतोय. कागदवाल्याचं देणं थकलं होतं हे नेहमीचं कारण आहेच. पण या वेळी खरं कारण निराळं आहे. अंकासाठी जमलेल्या पैशांतले काही मी झेरॉक्स, एसटी आणि एक्स-रेवर घालवले. वर्गणीदारांनी शिव्या घालाव्यात, ऐकून घेईन. गोदीत ठेकेदाराच्या माणसाला रजा नसते, खाडा असतो. तसे तीन आठवड्यांचे खाडे टाकून मी खाप्याला आलोय आणि हे संपादकीय घरच्या ओट्यावर बसून लिहितोय. समोर बाबा आहेत. आम्ही बापलेक मिळून एका परीक्षेचा अभ्यास करतोय. विषय, बाबांचा उजवा हात.

सावनेर तालुक्यातलं खापा मुंबई-पुण्याच्या पोरांना ठाऊक असायचं कारण नाही. कन्हान नदीचा काठ, हातमागाचं जुनं गाव, इंग्रजांच्या काळापासूनची नगरपालिका, आसपास मँगनीज, संत्री आणि कापूस. कापूस आला की जिनिंग सुरू होतं आणि आमच्या वस्तीतली माणसं हंगामापुरती रोजानं तिकडे लागतात. बाबाही वीस-बावीस हंगाम असेच लागले. नोव्हेंबर २०२२, रात्रपाळी. रोलरमध्ये कापूस अडकला तो काढायला बाबांनी हात घातला. उजवा अंगठा मुळापासून गेला, त्याच्या शेजारचं बोट मधल्या पेरातून गेलं. रुईच्या ढिगावर रक्त सांडलं तेव्हा मुकादमानं ओरडून आधी रुई बाजूला काढायला लावली. डागाळलेल्या रुईला भाव येत नाही. जिनिंगचं नाव इथं छापत नाही. वस्तीतले वीसेक जण आजही तिथं कामाला आहेत.

दवाखान्याचा खर्च आणि वर वीस हजार रुपये ठेकेदारानं दिले आणि एक कागद पुढं केला. 'मला यापुढे काही मागायचे नाही.' सहीचा हात बँडेजमध्ये होता, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला. माझ्या बापानं आयुष्यात पहिल्यांदा अंगठा दिला तो हा. रात्रशाळेत सही शिकलेला माणूस. 'आपल्याले कोणी अंगठाबहाद्दर म्हनलं नाही पाहिजे' हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. घरी आल्यावर हाताच्या दुखण्याबद्दल बाबा बोलले नाहीत, त्या अंगठ्याबद्दल बोलले. मग पाटी घेऊन बसले आणि दोन महिन्यांत डाव्या हातानं सही करायला शिकले. ही सही लक्षात ठेवा, पुढं तीच नडली.

आता थोडं गणित. मी मॅट्रिक आहे, पण या गणिताला मॅट्रिक पुरतं. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा आहे, त्यात बोटांचा तक्ता आहे. अंगठा तीस टक्के. अंगठ्याजवळचं बोट पूर्ण गेलं तर चौदा, मधलं बारा, करंगळी सात. एका हाताची चारही बोटं गेली तर पन्नास. खाटकाच्या दुकानात पाटी असते तसा भाव आहे. पण भाव आहे, हेच आमच्या वस्तीत कोणाला ठाऊक नव्हतं. बाबांचं वय तेव्हा पन्नास, महिन्याची मजुरी बारा हजार धरा. मजुरीचे साठ टक्के, गुणिले पन्नाशीच्या वयाचा गुणक १५३.०९, त्याचे तीस टक्के. नुसत्या अंगठ्याचे तीन लाख तीस हजारांच्या वर होतात. मिळाले वीस हजार. 'मी ठेकेदाराचा माणूस, मालकाचा नाही' असं बाबाच म्हणत होते. कायदा म्हणतो, ठेकेदाराच्या माणसाचीही भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. आणि हक्क सोडल्याचा कागद लिहून घेतला असला तरी तो कागद रद्दबातल. म्हणजे तो अंगठा फुकट गेला होता, कापलेला आणि उमटवलेला, दोन्ही. दावा लावायची मुदत मात्र दोन वर्षांची, ती आमच्या अडाणीपणात गेली. उशिराचं सबळ कारण पटलं तर आयुक्त दावा ऐकू शकतो, ते दार आम्ही ठोठावणार आहोतच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत जमा झाला. बोटांचा तक्ता तिथंही आहे.

मालकाकडून काही आलं नाही, म्हणून सरकारकडे गेलो. संजय गांधी निराधार योजना १९८० ची. २०२३ मध्ये तिची रक्कम दीड हजार झाली, २०२५ मध्ये सरकारनं अपंगांसाठी ती अडीच हजार करायचं ठरवलं. दिवसाला त्र्याऐंशी रुपये. पण त्यासाठी अपंगत्व चाळीस टक्के पाहिजे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातही बहुतेक सवलतींची रेघ चाळीसवरच आहे. बाबा नागपूरला मंडळापुढं गेले. एका डॉक्टरनं हात धरला, दुसऱ्यानं आकडा सांगितला, तिसऱ्यानं लिहिला. सदतीस.

मी त्या डॉक्टरांना शिव्या घालायला बसलो नाही. बाहेर व्हरांड्यात माणसं माणसांवर बसली होती आणि आत टेबल एकच होतं. पण सदतीस आले कुठून ते पाहायला पाहिजे. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून आम्ही तपासणीच्या कागदाची नक्कल काढली. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांवर हिशेब केलेला होता. मुळातून गेलेल्या अंगठ्याचे तीस, मधल्या पेरातून गेलेल्या बोटाचे दहा. तीस आणि दहा चाळीस, असं तुम्ही-आम्ही म्हणू. सरकारची बेरीज निराळी. नव्वदातून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्यानं गुणायचं, नव्वदानं भागायचं, आणि जे येईल ते मोठ्यात मिळवायचं. छत्तीस पूर्णांक सदुसष्ट शतांश. म्हणून सदतीस. हिशेब चोख होता. पण त्याच सूचनांत पुढं लिहिलंय की माणसाचा कामाचा, मुख्य हात गेला असेल तर चार टक्के जास्तीचे धरावेत. शिवाय सांधा आखडला असेल, तुटलेल्या नसेची गाठ दुखत असेल, तर दहापर्यंत आणखी. बाबांच्या कागदावर मुख्य हात कोणता, ती जागा कोरी होती.

तुम्ही कोणत्या हाताचे, हे बाबांना कोणी विचारलंच नाही. विचारणार कशाला? त्यांच्यासमोर या माणसानं डाव्या हातानं झकास सही केली होती.

सदतीस आणि चार, एक्केचाळीस. सगळं अपील या एका प्रश्नावर उभं आहे.

हा हिशेब करताना मला एकलव्य आठवला. आपल्या कवितांत तो किती वेळा आला, मोजा. द्रोणाला शिव्या देऊन आपण मोकळे होतो. पण तोच एकलव्य आज अंगठ्याच्या जागी फडकं बांधून मंडळापुढं उभा राहिला तर? अंगठा तीस. उजवा, कामाचा हात, चार. चौतीस टक्के. चाळीसला सहा कमी. 'अर्जदार अपात्र.' द्रोणानं अंगठा घेतला एकदाच. हे टेबल दर सोमवारी भरतं.

उलटी गोष्टही याच नागपुरातली. प्रा. साईबाबा नव्वद टक्के अपंग होते, चाकाच्या खुर्चीत. शिक्षा झाल्यावर ते इथल्या मध्यवर्ती कारागृहात होते आणि आजारपणासाठी जामीन मागितला तरी न्यायालयानं नाकारला. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं, त्याच वर्षीच्या १२ ऑक्टोबरला ते गेले. देणं द्यायचं असलं की सदतीस आणि एक्केचाळीसमध्ये दरी असते. तिथं नव्वदालाही किंमत नव्हती.

तयारीचं सांगतो, कारण ती करताना मला जे कळलं ते कुठल्या शिबिरात कळलं नव्हतं.

पहिल्या रात्री मी डॉक्टर झालो, माय शिपाई झाली, बाबा अर्जदार. मी विचारलं, "बादली उचलता येते का?" बाबा म्हणाले, "येते नं साहेब." आणि लगेच उठून बादलीची कडी कोपराच्या खोबणीत अडकवून उचलून दाखवली. मंडळापुढंही त्यांनी हेच केलं होतं. मी कपाळावर हात मारला. "बाबा, तुमी काऊन दाखवता उचलून?" तर म्हणतात, "मंग काय नाही येत म्हनू? मी का भिकारी हाओ का?"

मला राग आला आणि मग तो विझला. कारण हे मी ओळखतो. गोदीत माझी पाठ गेल्या पावसाळ्यापासून दुखते, मुकादमाला मी ते सांगितलेलं नाही. सकाळी नाक्यावर जो लंगडतो त्याला कोणी उचलत नाही. आपल्या माणसाला लहानपणापासून एकच भाषा शिकवलेली असते, 'होते साहेब, जमते साहेब'. दुखणं लपवणं हीच त्याची रोजी. तीस-चाळीस वर्षं ही भाषा बोललेल्या माणसाला एका सकाळी टेबलापुढं उभं करतात आणि म्हणतात, आता तुला काय जमत नाही ते सांग. तो कसा सांगेल? त्याची जीभच त्या बाजूला वळत नाही. आणि जो सांगतो तो रडतो, हातापाया पडतो, मायबाप म्हणतो. लाचारी तेवढी त्याला येते. लाचार न होता, न लपवता, जे आहे ते नुसतं सांगायचं, ही तिसरी भाषा आपल्याला कोणी शिकवली नाही. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या दाखल्यावरून देशभर गाजावाजा झाला, तेव्हापासून दाखला मागणाऱ्या प्रत्येकाकडे संशयानं बघतात, ते आणखी वेगळं.

मग मी एक दोनशे पानी वही आणली. पंधरा दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, हाताला जे नाही जमलं ते त्याच दिवशी लिहायचं. बाबा सांगणार, मी लिहिणार. पहिल्या दिवशी एकच ओळ, 'कुलूप उघडलं नाही.' दुसऱ्या दिवशी कोरं. माय चुलीपासून ओरडली, "खोटं काऊन लिवता? काल पेला पडला, परवा भाकर मोडता आली नाही, शर्टाच्या गुंड्या मी लावून देतो." बाबा गप्प. चौथ्या दिवशी रात्री, मी वही मिटत होतो तेव्हा, भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "लिव. पायजम्याची नाडी तुही माय बांधून देते."

मी लिहिलं. त्यावर आम्ही कोणी काही बोललो नाही. पण दुसऱ्या दिवसापासून वही भरायला लागली. मनगट किती वळतं ते सावनेरच्या एका फिजिओथेरपिस्टनं कोनमापकानं मोजून लिहून दिलं, पैसे घेतले नाहीत. अपघाताच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड मायनं पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत जपलं होतं. ते नसतं तर सगळंच बसलं असतं.

उजवा हात सिद्ध करणं मात्र अवघड निघालं. जेवायला तर सगळेच उजवा वापरतात. जुन्या सह्या आहेत, पण त्या कुठल्या हातानं केल्या ते कागद सांगत नाही. बाबांच्या शेजारी उभा राहून काम करणारा एक जण लिहून द्यायला तयार झाला आणि दुसऱ्या दिवशी मागं हटला, हंगाम सुरू आहे, त्याचंही पोट आहे. मी त्याला दोष देत नाही. शेवटी समाजमंदिरातल्या जुन्या अल्बममध्ये एक फोटो सापडला. १४ एप्रिलच्या आदल्या दिवशीचा. बाबा शिडीवर, भिंतीवर निळ्या रंगानं 'जय भीम' रंगवताहेत, ब्रश उजव्या हातात. जयंती समितीच्या दोघा म्हाताऱ्यांनी त्यासोबत लिहून दिलं, की दर वर्षी भिंत रंगवणारा हाच माणूस आणि हाच हात. पाहू.

बाबांचा 'भिकारी'वाला प्रश्न मी तसाच सोडला नाही. त्यांना सांगितलं, तुमच्या भिंतीवरच्या फोटोतला माणूस १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होता. त्याच काळात, १९४४ मध्ये, प्रा. आडारकरांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा दिला, त्यावरून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. त्या कायद्यातून हंगामी कारखाने वगळले आणि हंगामी म्हणजे कोण, याच्या यादीत अगदी सुरुवातीलाच कापसाचं जिनिंग. ज्या यंत्रात बोटं जातात तेच बाहेर ठेवलं. तरी घटनेच्या ४१ व्या कलमात बेकारी, म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व यांत सरकारी साहाय्य हा हक्क म्हणून लिहिलेला आहे. आर्थिक कुवतीची मेख मारलेली आहे, कोर्टात थेट मागता येत नाही, हे खरं. पण शब्द हक्क आहे, दान नाही. बाबांनी ऐकलं. मग म्हणाले, "हे तिथं सांगू का?" मी म्हटलं, "तिथं फक्त सांगजा का मी उजवा हाओ."

आणखी एक. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवरून अपंगांना 'दिव्यांग' म्हणावं असं सुचवलं. २०२२ मध्ये महाराष्ट्रानं त्या नावाचं स्वतंत्र खातंही काढलं. खात्याला आमची ना नाही, कामं झाली तर. नावाला आहे. आपल्याला एकदा देवाची लेकरं म्हणून झालं आहे, 'हरिजन' हे नाव आपण अंगावरून झटकून टाकलं ते कशासाठी, हे या वाचकांना सांगायला नको. कापलेल्या बोटात काय दिव्य आहे? त्यात रोलर आहे, रात्रपाळी आहे, मोडलेली जाळी आहे. या पानांत आम्ही अपंगच लिहिणार.

आता आपल्यावर येतो. आपल्या मागच्या अंकात हातावर सात कविता होत्या, त्यातल्या तीन माझ्या. राबणारे हात, पेटते हात, मुठी. एकाही कवितेत तो उजवा की डावा हे नव्हतं. वस्तीतला एक माणूस बोटं गमावून बसतो, दोन वर्षांची मुदत त्याच्या डोळ्यांदेखत संपते आणि त्याचा पोरगा मुंबईत बसून मुठीवर कविता लिहितो. हे मी माझ्याबद्दल लिहितोय, पण फक्त माझ्याबद्दल नाही. मोर्चाला आपण ट्रक भरून जातो. तहसील कचेरीत म्हाताऱ्यासोबत दिवसभर बाकावर बसायला किती जण जातात? हे 'सुधारणावादी' काम म्हणून आपले काही दोस्त नाक मुरडतात. त्यांनी एकदा खाप्याला यावं आणि बाबांची नाडी बांधून दाखवावी.

ज्यांच्या घरी असा सदतीस, अडतीस, एकोणचाळीसचा कागद पडून आहे त्यांनी तो आधी बाहेर काढा. २०१६ च्या कायद्याच्या ५९ व्या कलमात अपील आहे, मुदत उलटू देऊ नका. अनुसूचित जातीच्या माणसाला, अपंगाला, कारखान्यातल्या कामगाराला १९८७ च्या विधी सेवा कायद्यात वकील फुकट मिळतो, तालुका कोर्टात विचारा. माणसाला एकटं पाठवू नका. आणि आत जायच्या आधी त्याला घरी बसवून, लाज वाटते ते सगळं एकदा मोठ्यानं बोलायला लावा, कारण तिथं मिळणाऱ्या पाच मिनिटांत ते पहिल्यांदा बोलणं कोणालाच होत नाही.

बाबांची सुनावणी सोमवारी अकरा वाजता आहे. दाखला जानेवारी २०२४ चा, अपील लगेच केलेलं, तारीख आत्ता लागली. पहाटेच्या गाडीनं निघू. कागदांचे तीन संच केलेत, एक त्यांना, एक आमच्याकडं, एक मायच्या पिशवीत. फोटो मूळचाच नेतोय, झेरॉक्समध्ये ब्रश नीट दिसत नाही. बाबांनी काल विचारलं, तिथं सही कुठल्या हातानं करू. मी म्हटलं, डाव्यानंच करा, पण करायच्या आधी सांगा की ही दोन महिन्यांत शिकलेली सही आहे. त्यांनी ते वाक्य चार वेळा म्हणून पाहिलं. निकाल काय लागतो ते पुढच्या अंकात छापू, एक्केचाळीस असो की सदतीस.

— संपादक
खापा